वैराग्य आणि विषाद

संसाराचा वीट आला, हे वाक्य घेऊन कोणी आश्रमाच्या दाराशी आला म्हणजे त्याचे आदराने स्वागत करावे, अशी आपली परंपरा आहे. विरक्तीवाचून अनुसरण नाही आणि अनुसरणावाचून आचार नाही, हे आपण लहानपणापासून गुरुमुखाने ऐकत आलो. परंतु वीट येणे ही स्थिती दोन अगदी भिन्न कारणांनी उत्पन्न होऊ शकते. ज्याला अधिक गोड काही गवसले, त्याला पूर्वीचे फिके वाटू लागते. आणि ज्याच्या जिभेची चवच गेली, त्याला सारेच बेचव लागते. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही ताटावरून उठलेले दिसतात. पहिला विरक्त होय. दुसरा रुग्ण होय. हा भेद ओळखता न आल्यामुळे माणसे आपल्या डोळ्यांदेखत खचतात आणि आपण त्यांना दंडवत घालीत राहतो. प्रस्तुत लेखकाकडून हा प्रमाद घडलेला आहे. म्हणूनच हा विषय सूत्रविवरणाच्या या पृष्ठांवर सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी मांडवगण फराटा हे गाव आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. मुलूख बागायती, ऊस घराच्या भिंतीला येऊन टेकलेला. परक्याला हा प्रदेश सुखवस्तू वाटतो आणि पुष्कळ अंशी तो तसा आहेही. पण रात्रीच्या पाळीला येणारी वीज, मोटार चालू करण्यासाठी अंधारात बांधावरून जाणे, उसात दडलेल्या बिबट्याची धास्ती, सोसायटीचे कर्ज आणि बिलाची वाट पाहणे ही त्या हिरवेपणाची दुसरी बाजू होय. काही वर्षांपूर्वी या परिसरात माझा मुक्काम असता एक वासनिक गृहस्थ नित्य येऊन बसू लागले. कोणाची ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे तपशील येथे मुद्दाम थोडेच देतो. वय पंचेचाळिशीच्या आसपास, घरचे कर्ते, पूर्वीचे बोलके. आता ते निरूपणात मागे भिंतीला टेकून बसत, कोणाशी बोलत नसत, प्रसादाचा एक घास घेऊन पान सरकवीत. एके दिवशी म्हणाले, "बाबा, मला अनुसरण द्या. आता कशातच जीव रमत नाही." मला संतोष वाटला. त्याच दिवशी निरूपणात, नाव न घेता, अशा उपरतीचा मी गौरवाने उल्लेख केला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गृहिणी आल्या. डोक्यावरचा पदर सावरीत, दाराबाहेरूनच म्हणाल्या, "बाबा, मालकांना देव हवाय म्हणून ते घर सोडत न्हाईत. त्यांना काहीच नको झालंय. भाकर नको, पोरगं नको, ऊस नको. रात्र रात्र छताकडं बघत पडत्यात. मी नसलो तर तुम्ही सुटाल, म्हणत्यात." त्या माउलीने शास्त्र पढलेले नव्हते. पण देव हवा असणे आणि काहीच नको असणे या दोहोंतील जो भेद आयुष्यभर सूत्रे घोकूनही माझ्या ध्यानी आला नव्हता, तो तिने दोन वाक्यांत सांगितला.

त्या क्षणी मला एक जुनी आठवण झाली. विद्यार्थिदशेत आमचे एक गुरुबंधू असेच हळूहळू अबोल होत गेले. भोजन कमी झाले, विजन वाढले. ते पहाटेच्या कितीतरी आधी उठून एकटे बसलेले दिसत. आम्ही त्यांची थोरवी गात असू आणि आमच्या झोपाळूपणाची लाज बाळगीत असू. ते पहाटे उठत नव्हते, ते रात्रभर झोपतच नव्हते, हे आमच्यापैकी एकालाही कळले नाही. कारण एकानेही विचारले नाही. एके दिवशी ते निघून गेले, ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्याविषयी यापुढे मला काही सांगता येत नाही, आणि हेच त्या गोष्टीतील दुःख आहे.

आता या दोन स्थितींचा भेद विचाराने पाहू.

पहिली खूण ओढीची. वैराग्य हे मुळात सोडणे नसून धरणे होय. परमेश्वराकडे ओढ लागली म्हणजे विषयांवरची पकड आपोआप सैल होते. विषादात ओढच मावळते. विषयांची गोडी जाते, तशीच नामस्मरणाची, निरूपणाची आणि स्थानवंदनाचीही जाते. ज्याला संसारासह स्मरणही बेचव झाले आहे, त्याला विरक्त म्हणणे म्हणजे ज्वर आलेल्याला उपवासी म्हणण्यासारखे आहे.

दुसरी खूण दयेची. विरक्ताचे मन इतरांसाठी मोकळे होते. तो आपला विसर पडल्यामुळे दुसऱ्याच्या दुःखाला जागा देऊ शकतो. विषण्ण मनुष्य स्वतःच्या दुःखात कोंडला जातो. हा स्वार्थ मात्र नव्हे. ज्याची दाढ ठणकते त्याला जग दिसत नाही, तसेच हे आहे.

तिसरी खूण, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, अनुतापाची. आपल्या आचारात स्वदोषांचे स्मरण आणि त्यांचे प्रायश्चित्त यांना मोठे स्थान आहे. खरा अनुताप विशिष्ट दोषाचा असतो. अमुक दिवशी अमुक वचन कठोर बोललो, असे तो सांगू शकतो. तो परमेश्वराच्या चरणाशी जाऊन टेकतो आणि तेथे हलका होतो. विषादातील अपराधभाव असा नसतो. त्याला विशिष्ट दोष सापडत नाही, म्हणून तो संपूर्ण स्वतःलाच दोष ठरवितो. मी भार आहे, मी अपात्र आहे, माझ्यामुळे सर्वांचे वाईट झाले, असे तो घोकीत राहतो. अशा मनुष्याला अधिक प्रायश्चित्त सांगितले तर तो ते तत्परतेने करील. आणि जितके करील तितका अधिक बुडेल. अनुतापाला तीर असतो. या अपराधभावाला तीर नसतो. गुरुस्थानी बसणाऱ्याने हा भेद ओळखलाच पाहिजे, कारण एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष ठरते.

चौथी खूण देहाची. झोप उडणे अथवा अतिशय वाढणे, अन्नावरची वासना जाणे, अंगात त्राण नसणे, चित्त एका ओळीवरही न ठरणे, हालचाल व बोलणे मंदावणे, आणि मरणाचे विचार वारंवार येणे. मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि त्याबरोबर यांपैकी अनेक लक्षणे बहुतेक सारा दिवस, रोज, दोन आठवडे वा अधिक काळ टिकली, तर वैद्यकशास्त्र त्या स्थितीला विषादाचा विकार, रूढ शब्दांत नैराश्य, म्हणते आणि त्यावर उपचार सांगते.

विषाद हा काही एकटाच नाही. चिंतेच्या विकारात कारण नसता छाती धडधडते, घाम फुटतो, आताच प्राण जातो असे वाटते. हृदयाची तपासणी निर्दोष निघते तरी भीती जात नाही. मंत्रचळाच्या विकारात एकच शंका पुन्हा पुन्हा छळते. तो तर साधुवेषात सहज लपतो. पात्र दहा वेळा धुणे, गाळलेले पाणी पुन्हा पुन्हा गाळणे, पायाखाली जीव गेला काय म्हणून तीच वाट चारदा मागे चालत जाऊन पाहणे, गाठीची मोजणी चुकली म्हणून स्मरण पहिल्यापासून आरंभणे. पाहणारे त्याला आचारनिष्ठ म्हणतात. परंतु आचाराने मन निःशंक होते, मंत्रचळाने ते शंकेचे बंदिवान होते. ज्यांत मनुष्याला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले वैरी दिसतात, असे अधिक गंभीर विकारही आहेत. हे सारे विरळा आहे असे कोणी समजू नये. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत पाहणी केली. तीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या काळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारापर्यंत पोहोचलेच नव्हते. याचा अर्थ, कोणत्याही मोठ्या पंगतीत असे काही जण आपल्या शेजारी बसलेले असतात.

मग ते ओळखू का येत नाहीत? दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत आपणा सर्वांस परिचित आहे. आंधळ्यांपैकी प्रत्येकाने हत्तीचा एकेक अवयव चाचपला आणि तोच हत्ती असे सांगितले. त्या गृहस्थांच्या बाबतीत तेच झाले. भावकी म्हणाली, आळस. सोयरे म्हणाले, कर्जाचा ताण, बिल आले की होईल ठीक. शेजारचा भगत म्हणाला, बाहेरची बाधा. आणि मी म्हणालो, वैराग्य. प्रत्येकाच्या हाती काहीतरी लागले होते. ताण खोटा नव्हता, उपरतीचे शब्दही खोटे नव्हते. पण संपूर्ण मनुष्य कोणाच्याच हाती लागला नव्हता. त्यांत माझी चूक सर्वांत वाईट, कारण आळशी म्हटलेला मनुष्य निदान चिडतो. माझ्या गौरवाने त्यांच्या आजाराला पावित्र्याचे वस्त्र चढविले.

येथे शास्त्रनिष्ठ वाचकांच्या मनात काही आक्षेप उभे राहतील. त्यांचा परामर्श घेणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा की, अनन्यशरण भक्ताला औषधाची गरज कशी असावी? मन खचले याचा अर्थ निष्ठा खचली, असे कोणी म्हणतील. आपल्या दर्शनात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न मानले आहेत. देह प्रपंचाचा, आणि देहाच्या आधाराने चालणारे, अन्नाने पुष्ट होणारे, निद्रेने विसावणारे, म्हातारपणी क्षीण होणारे मनही, माझ्या मते, त्याच बाजूचे. जीव त्याहून वेगळा. मग मेंदूच्या आणि मनाच्या बिघाडाला जीवाच्या निष्ठेचा अभाव कसे म्हणता येईल? गुडघा दुखणाऱ्या साधूला आपण अश्रद्ध म्हणत नाही. हिवताप आला असता क्विनीन घेणाऱ्याने शरणागती सोडली, असेही कोणी म्हटले नाही. चतुर्विध पदार्थांचा विवेक ज्यांना शिकविला गेला, त्यांनी तरी प्रपंचातील व्याधीचा आरोप जीवाच्या माथी मारू नये.

दुसरा आक्षेप यापेक्षा सूक्ष्म आहे. गोळी घेतल्यावर जर स्मरणात पुन्हा गोडी आली, तर ती गोडी गोळीची की भक्तीची? या प्रश्नाने मला बरेच दिवस घेरले होते. उत्तर असे वाटते: डोळ्यांवर पडदा आलेल्या वाचकाची शस्त्रक्रिया झाली आणि तो पोथी वाचू लागला, तर पोथीतील अर्थ शस्त्रक्रियेने निर्माण केला नाही, तिने केवळ आडवे आलेले दूर केले. औषध मनाला काही शिकवीत नाही. ते मनाला शिकण्याजोगे करते. भक्ती जीवाने करावयाची ती नंतरही जीवालाच करावी लागते.

तिसरा आक्षेप देवतांच्या बाधेचा. देवतांचे अस्तित्व व त्यांचे सामर्थ्य शास्त्राने मानले आहे. मग बाधा नाहीच असे कसे म्हणावे? मी तसे म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो की, अमुक मनुष्याला अमुक बाधा झाली, हे पाहण्याचे साधन तुमच्या-माझ्या हाती नाही. आणि जे आपल्या अधिकारात नाही त्याचा निवाडा करू नये. जे दिसते, तपासता येते, ज्यावर इलाज आहे, ते प्रथम पाहावे. शिवाय देवतांना शरण जाऊ नये हे आपले व्रत आहे. देवतेचे भय मनात बाळगणे हीसुद्धा तिची एक उपासनाच होय.

चौथ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. अशाने प्रत्येक दुःखाला रोग म्हटले जाईल, अशी भीती काही वडीलधारे व्यक्त करतात. ती अनाठायी नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्य शोकाने व्याकूळ झाले. तो शोक प्रेमाचेच रूप होता. पण त्या शोकाचे पुढे काय झाले, हे पाहावे. ते ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात राहिले. पुढे श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर ते लीळांचे स्मरण करीत बसले असता म्हाइंभटांनी त्यांना, आपण काय करीत आहात, असे विचारले, आणि त्या विचारण्यातून लीळाचरित्राच्या संकलनास आरंभ झाला, अशी आपली परंपरा सांगते. शोक करणाऱ्यापाशी कोणी जाऊन बसला आणि त्याने प्रश्न विचारला, म्हणून आपल्याला तो ग्रंथ लाभला. शोक हा रोग नव्हे. परंतु शोकालाही एकटे सोडावयाचे नसते. आणि आमच्या गुरुबंधूंजवळ म्हाइंभटांचा तो साधा प्रश्न घेऊन कोणी गेले नाही.

श्रीगोविंदप्रभूंचे स्मरण झाले तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अवताराची लीला आणि जीवाची व्याधी यांची तुलना करण्याचा अपराध मी करणार नाही. मला केवळ ऋद्धिपूरच्या लोकांविषयी बोलावयाचे आहे. ज्यांची कृती लौकिक रीतीत बसत नव्हती, ज्यांना कित्येक लोक वेडे म्हणत, त्या राऊळांना त्याच गावाने माता आणि पिता अशा नावांनी हाक मारली. ते घराघरांत शिरत, मनास येईल ते मागत, हसत, रागावत. गाव त्यांना आपले मानी. ज्या पंथाच्या स्मृतीत असे गाव आहे, त्या पंथाच्या अनुयायांना मनोरुग्णाची लाज वाटावी, त्याला मागच्या खोलीत लपवावे, त्याच्या बहिणीचे लग्न मोडेल म्हणून त्याचे नाव घेऊ नये, हे विसंगत आहे.

आपल्या देवस्थानांत असे रुग्ण पूर्वीपासून येत आहेत, हे कोणी नाकारणार नाही. व्हिएडा स्कल्टन्स नामक एका विदुषीने महाराष्ट्रातील आपल्या पंथाच्या एका देवस्थानातील अशा कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ साली तो मानवशास्त्राच्या एका इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध केला. तिच्या पाहण्यात आले की, रुग्णाबरोबर आलेल्या आई, पत्नी, बहीण याच स्त्रिया अंगात आल्यासारख्या घुमू लागत. त्यामागे भावना अशी की रुग्णाची पीडा आपण आपल्यावर ओढून घ्यावी. हे वाचून मन सद्गदित होते, आणि त्याचबरोबर अस्वस्थही होते. घरातील दुःखाचा भार उचलण्याची पाळी नेहमी स्त्रीवरच का यावी? रुग्णाची काळजी घेणारीची काळजी कोण घेतो? मांडवगणच्या त्या गृहिणी माझ्यापुढे उभ्या होत्या, तेव्हा त्यांनाही महिना महिना पुरती झोप नव्हती; ते विचारण्याचे मला सुचले ते फार उशिरा.

देवस्थानात मिळणारा आसरा, संगत, नियमित दिनक्रम, कोणीतरी आपले ऐकते ही भावना, यांचे मोल मोठे आहे. त्यात औषधाची बंदी आणि मारझोड शिरली की त्याचे विष होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, श्रद्धास्थानाच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासात आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. हे एखाद्या धर्माकडे बोट दाखविण्यासाठी सांगत नाही. साखळीला धर्म नसतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या मिषाने बांधणे व मारणे हा गुन्हा ठरविला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला. स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे व त्याला साहाय्य द्यावे, असेही हा कायदा सांगतो. राज्याने येथे जी दया दाखविली, तिच्यापेक्षा कमी दया आपल्या मठांत असू नये.

दवा आणि प्रार्थना एकत्र नांदू शकतात, याची उदाहरणे आहेत. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या परिसरात वैद्य बसू लागले. मुजावर दुआ देतात आणि रुग्णाला त्यांच्याकडेही पाठवितात. आपल्या ऋद्धिपुराच्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठविले गेले. उपक्रमापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के लोक उपचारासाठी कोणाकडे जात. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के झाले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. वैद्य आकाशातून उतरले नाहीत. शेजारच्या माणसाने विचारपूस केली, इतकेच. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णांच्या कुटुंबांना एकत्र बसविते. कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या पत्नींना हा विकार होता. स्वतःच्या घरातील दुःखातून त्यांनी ही संस्था उभी केली. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्यांसाठी १९८६ पासून पुण्यातच मुक्तांगण आहे. येरवडा येथे शासकीय मनोरुग्णालय आहे, ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ज्याला कोठेच जाता येत नाही त्याने १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवावा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ही विनामूल्य सेवा आहे, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

यावरून साधूंचे कर्तव्य काय ठरते? स्वामींच्या चरित्रात शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा त्यांच्या जानूखाली येऊन लपला, ही लीळा प्रसिद्ध आहे. तो कोणाचा, कोठून आला, त्याची पात्रता काय, हे त्याला विचारले गेले नाही. प्रथम अभय, मग शिकाऱ्यांना बोध. आपणही हाच क्रम धरावा. आलेल्याचे ऐकावे, मध्येच उपदेश करू नये. जेवण कसे, झोप कशी, हे विचारावे. मरणाचा विचार मनात येतो काय, हे सरळ आणि सौम्य शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार उत्पन्न होत नाही, उलट एकट्याने वाहिलेले ओझे हलके होते. उत्तर होय असे आले तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. अनुसरणाचा निर्णय तो बरा होईपर्यंत लांबवावा. आजारात घेतलेले अनुसरण हे पलायन ठरण्याचा संभव असतो. रुग्ण साधूला उपवास, प्रायश्चित्त, दीर्घ विजन यांतून सवलत द्यावी. चालू असलेले औषध बंद कर, असे कोणीही, कितीही मोठ्या अधिकाराचा असला तरी, सांगू नये. ते कमी करणे वा थांबविणे वैद्याचे काम. आणि जे ऐकले ते चव्हाट्यावर नेऊ नये.

त्या गृहस्थांना आम्ही प्रथम गावच्या आरोग्य केंद्रात आणि तेथून पुण्यातील मानसोपचार वैद्यांकडे नेले. वैद्यांनी बजावले की गुण येण्यास काही आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही आणि माझीच श्रद्धा डळमळली. नंतर एके दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली, असे त्यांच्या गृहिणींनी सांगितले. त्या बातमीने मला जो आनंद झाला, तो अनेक दीक्षासमारंभांत झालेला नाही. औषधाबरोबर वैद्य त्यांच्याशी दर पंधरवड्याला बोलत. भावाने रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या. सोसायटीत कर्जाची बोलणी करण्यास चुलते बरोबर गेले. कर्ज फिटले नाही. ते एकट्याचे मात्र राहिले नाही.

सहा-सात महिन्यांनी ते पुन्हा निरूपणाला आले आणि या वेळी पुढच्या ओळीत बसले. मी भीत भीत विचारले, "अनुसरणाचे काय?" ते हसले. म्हणाले, "बाबा, तवा मला पळायचं होतं. आता ऐकतो तेव्हा शब्द आत जातात. थोडं ऐकू द्या, मग बघू."

त्या दिवशी वैराग्याच्या मार्गावर त्यांचे पहिले पाऊल पडले, असे मला वाटते. मार्ग मोठा आहे आणि तो चालणे न चालणे त्यांच्या हाती आहे. आपल्या हाती एवढेच की, कोणी भिंतीला टेकून गप्प बसलेला दिसला तर त्याला दंडवत घालण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसावे, आणि रात्री झोप लागते काय, असे विचारावे.

दंडवत प्रणाम.